कच्चे टेक

४ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

थोरल्याने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहीत नाही. नको असलेला आशीर्वाद परत पाठवायची सोय नसते.

पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवतोय. तुझा नवा नंबर आईकडे आहे आणि ती तो मला देत नाही. बरोबरच आहे तिचं. शिवाय फोनवर बोलणं तुला जड जातं, असंही म्हणाली. कागदाला निदान ती अडचण नाही.

आधी कामाचं सांगतो. कंपनी तुझा चौथा अल्बम काढतेय, तू नसताना. पहिल्या तीन अल्बमच्या वेळी आपण गाऊन बाजूला ठेवलेली जी गाणी होती, त्यातली नऊ कंपनीच्या मॅडमनी निवडली आहेत. जूनमध्ये टीव्हीवरच्या त्या गाण्याच्या स्पर्धेचं नवं पर्व सुरू होतंय, त्याच्या तोंडावर त्यांना तो बाजारात आणायचाय. या गाण्यांचे कच्चे टेक, म्हणजे माइकसमोर जसा आला तसा तुझा नुसता आवाज, फक्त माझ्या कपाटातल्या डिस्कवर आहेत. महिनाअखेरपर्यंत सूर सुधारून द्यायला मला सांगितलंय.

दुसरं म्हणजे, काल तुझ्या वकीलबाईंचं पत्र आलं. त्यात दोनच प्रश्न आहेत. तुझ्या कानाला काहीतरी झालंय हे मला पहिल्यांदा कधी कळलं, आणि ते मी कोणाला सांगितलं. पंचवीस तारखेच्या आत लेखी उत्तर हवंय. गायिकेच्या तब्येतीला धोका आहे हे माहीत असूनही कंपनीने तिच्याकडून काम करून घेतलं, तर करार संपतो आणि गाणी गायिकेची होतात, असं एक कलम करारात आहे म्हणे. आपण सही केली तेव्हा ते कोणी वाचलं होतं? मी तर फक्त तुझं नाव बरोबर छापलंय का ते बघितलं होतं.

माझं उत्तर साधं आहे. मला कळलं ते स्पर्धेच्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी, सगळ्या जगाला कळलं तेव्हाच. तसं लिहून देतो. चालेल ना?

आई बरी आहे. तुझी खोली झाडते, पण पलंगावरची चादर बदलू देत नाही.

दादा


११ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

मावशीचा फोन आला. म्हणाली, "वाचलं तिने पत्र. मग चहा प्यायली आणि कपडे वाळत घालायला गेली." मी विचारलं, काही म्हणाली का? "म्हणाली, चिमटे कमी पडतायत."

गेले तीन दिवस मी त्या चिमट्यांचा विचार करतोय.

ठीक आहे. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, त्याच्या आधी.

पण तिथे यायला मला थोडं लांबून यावं लागेल. तू औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायचीस आणि मी जाहिरातींच्या स्टुडिओत साबणाची नि टायरची गाणी रेकॉर्ड करायचो. स्पर्धेचा अर्ज मी भरला. तू नको नको म्हणत होतीस. तिसरी आलीस. पहिला नि दुसरा कोण आला होता, ते आज शोधावं लागतं. तुझं पहिलं गाणं मात्र टॅक्सीत, सलूनमध्ये, दाताच्या दवाखान्यात सगळीकडे वाजत होतं. आईची दाढ काढताना तेच लागलं होतं. तोंड उघडं असल्यामुळे डॉक्टरला सांगता आलं नाही की ही माझी मुलगी, याची हळहळ तिला दाढेपेक्षा जास्त होती.

करारावर सही करताना तू मॅडमना म्हणालीस, "माझा आवाज दादाच घेणार. काचेपलीकडे तो नसेल तर मी गाणार नाही." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टाच्या खिशाला पेनाची शाई लागलेली होती. कंपनीच्या मोठ्या स्टुडिओत मी असा शिरलो, तुझं बोट धरून. आणि थोरला मी.

सूर सुधारणं हा काही गुन्हा नाही. सगळेच करतात. एखादा सूर केसभर खाली राहिला तर पडद्यावर तो अलगद वर सरकवायचा, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुझ्या पहिल्या अख्ख्या अल्बममध्ये मी सहा सूर हलवले. दुसऱ्यात वीसेक असतील. तिसऱ्या अल्बमच्या चौथ्या गाण्यात, एकट्या त्या गाण्यात, एकशे चाळीस.

तेव्हा कळलं मला.

तुला सांगितलं नाही, कारण दुसरा अल्बम पडला होता. तिसराही पडला असता तर कंपनीने तुला सोडलं असतं. तू आधीच रोज रात्री पोट दुखतंय म्हणून न जेवता झोपत होतीस. त्यात हे कुठे सांगू? तुझ्याच भल्यासाठी गप्प बसलो. वकीलबाईंना तसं लिहितो. 'कोणाला सांगितलं' या प्रश्नाचं उत्तर 'कोणालाही नाही'.

दादा


१८ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

आज मॅडम स्वतः स्टुडिओत आल्या. सहसा येत नाहीत, बोलावतात. तू बसायचीस त्या स्टुलावर बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "वकिलाचं पत्र आलंय ना तुला?"

मी हो म्हणालो.

"उत्तर काय देणार?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? तू आवाज घेणारा माणूस. कानाचा डॉक्टर थोडाच आहेस? तुला काही माहीत नव्हतं." मग माझ्या टेबलावरच्या तारांचा गुंता सोडवत बसल्या, हळूहळू, जणू तेवढ्याचसाठी आल्या होत्या. "नव्या पर्वाचं सगळं रेकॉर्डिंग तुझ्याकडे द्यायचं मनात आहे. सोळा मुलं आहेत. मोठं काम आहे."

मी पडद्यावरची फाइल बंद केली.

"आणि एक लक्षात ठेव," त्या उठता उठता म्हणाल्या, "सूर कंपनीने नाही हलवले. तू हलवलेस. प्रत्येक फाइलवर तुझं नाव आणि वेळ आहे. लोकांना गोष्ट सांगायचीच झाली तर ती भावाची होईल, आमची नाही."

दार अगदी सावकाश लावून गेल्या.

मागच्या पत्रात मी 'चौथ्या गाण्यात कळलं' असं लिहिलंय. ते बरोबर आहे, पण अर्धं. बाकीचं लिहितो.

तो सोमवार होता. तू आलीस, पाणी प्यायलीस, हेडफोन चढवलास आणि लगेच काढलास. म्हणालीस, "दादा, डावीकडून आवाज येत नाहीये." मी तार बदलली. मग हेडफोन बदलला. तू म्हणालीस, "हेडफोन नाही रे, कानच. सकाळी उठले तेव्हापासून गच्च झालाय. आत सारखी शिट्टी वाजतेय." मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात आहे की नाही, माहीत नाही. माझ्या आहे. म्हणालो, "सर्दी असेल. आज एक बाजू काढून गा, उद्या मोकळा होईल."

मोकळा झाला नाही. गुरुवारी तू टेक संपवलास आणि काचेतून माझ्याकडे बघितलंस. "दादा, मी खाली उतरतेय का?"

माझ्या पुढ्यात पडद्यावर तुझ्या सुराची रेघ होती. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तशी ती दर ओळीला खाली जात होती. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मस्त झालंय. पुढचं घे."

तू हसलीस. म्हणालीस, "मला उगाचच वाटतं."

नंतर आठ महिने तुला उगाचच वाटत राहिलं. अल्बम चालला, दौरा झाला. दौऱ्यात तुझा रेकॉर्ड केलेला आवाज मागून सोडायचो, त्यामुळे तिथेही निभावलं. मग स्पर्धेवाल्यांनी जुन्या गायकांना बोलावलं आणि अट घातली की मागून काही सोडायचं नाही, खरं गायचं. त्या दिवशी सूर वर सरकवायला मी नव्हतो. दुसऱ्या कडव्याला वाद्यं एकीकडे आणि तू भलतीकडे. तुला ते कळत नव्हतं. तू डोळे मिटून, मन लावून गात होतीस, आणि परीक्षकांपैकी एक जण मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी लोक तो तुकडा एकमेकांना पाठवत होते, खाली हसरे चेहरे लावून. आपल्या इमारतीच्या वॉचमनच्याही फोनवर होता. मला बघून त्याने फोन खिशात घातला.

स्टेजवरून उतरलीस तेव्हा म्हणालीस, "दादा, मी घाबरले."

मी म्हणालो, "हो, घाबरलीस."

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा.

दादा


२३ फेब्रुवारी

टिटवी,

आज दुपारी वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन लेखी उत्तर देऊन आलो. ते तुझ्यापर्यंत पोहोचेलच, पण त्यांच्या कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहितोय.

डॉक्टरांचं आठव. त्यांनी विचारलं, कधीपासून? तू म्हणालीस, आठ महिने. ते म्हणाले, "तेव्हाच का नाही आलात? असा एकाएकी कान गेला तर पहिले दोन-तीन आठवडे हातात असतात. औषधाने सगळं नाही, पण बरंच वाचतं कधी कधी. आता डावा कान परत येणार नाही." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन आलीस आणि संध्याकाळी बॅग भरलीस. मला वाटलं, डॉक्टरांच्या बोलण्याने गेलीस. सूर हलवल्याचं तुला तिथल्याच कोणीतरी सांगितलं असणार, असंही वाटलं. ते दोन्ही मी कबूल करू शकलो असतो. तिसरं नाही.

तिसरं असं. त्या गुरुवारी तू घरी गेल्यावर मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "तिच्या डाव्या कानाला काहीतरी झालंय. सूर सुटतायत. डॉक्टरला दाखवायला हवं."

एवढंच ऐकलं तर वाटेल, भाऊ काळजी करणारा आहे. पण ज्याचा कान त्याला न सांगता मी हे त्यांना सांगत होतो, परवानगी मागितल्यासारखं.

त्यांनी विचारलं, "किती काम उरलंय?"

"तीन आठवडे."

"तोपर्यंत तुला झाकता येईल?"

मी म्हणालो, "येईल."

"मग तिला कशाला घाबरवतोस? गाणारा माणूस घाबरला की गळाही जातो. काम आटोपलं की खुशाल ने."

तीन आठवडे संपले. मग जाहिरात सुरू झाली, मग दौरा. मी नेलं नाही. त्यांनी अडवलं म्हणून नाही. पुन्हा कोणी अडवलंच नव्हतं.

का नेलं नाही, हे मी इतके महिने मलाही सांगत नव्हतो. तुझी काळजी, आईची काळजी, नोकरी, सगळी कारणं खरी आहेत, पण मागून आलेली आहेत. खरं कारण हे, की मला बरं वाटत होतं. तुझा आवाज जन्मापासून तुझा होता. त्यात माझं काही नव्हतं, मी फक्त बटणं दाबायचो. ते आठ महिने मात्र तो मी बनवत होतो. एकेक सूर उचलून जागेवर ठेवत होतो. 'तिचा आवाज आता परिपक्व झाला आहे' असं पेपरात छापून आलं, तेव्हा ते कात्रण मी पाकिटात ठेवलं. तुला दाखवलं नाही. ते मला माझं वाटलं होतं.

उत्तरात मी दोनच वाक्यं लिहिली. कळलं त्या सोमवारी, आणि मॅडमना सांगितलं त्या गुरुवारी. तुझं नाव, माझं नाव, तारखा आणि खाली सही. वकीलबाईंनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, यानंतर तुम्हाला या धंद्यात कोणी उभं करणार नाही?" मी म्हणालो, माहीत आहे.

डिस्कही त्यांच्याकडे दिलीय. नऊ गाणी आहेत, एकही सूर हलवलेला नाही. दुसरी प्रत ठेवलेली नाही.

दादा


२ मार्च

टिटवी,

स्टुडिओच्या दाराला माझं कार्ड लागत नाही. गुरख्याने दहा वर्षांच्या ओळखीने माझा डबा नि छत्री आतून आणून दिली.

मॅडमनी म्हटल्याप्रमाणे गोष्ट भावाची झाली. परवाच्या पेपरात आलंय. माझा फोटो जुना आहे, त्यात तू खांद्यापर्यंत कापलेली आहेस, तुझा नुसता हात दिसतो. कंपनीचं म्हणणं असं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. भावाने बहिणीचं आजारपण लपवलं, आणि काम गेल्यावर सूड म्हणून तो आता खोटं बोलतोय. पत्रकारांचे फोन येतात. मी घेत नाही. त्यातला अर्धा भाग खरा आहे, त्याला काय उत्तर देणार?

आईने पेपर वाचला. मला वाटलं, रडेल. तिने तो घडी घालून रद्दीत ठेवला, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुला ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. "पहिल्या आठवड्यात?" हो. ती उठून आत गेली. त्यानंतर माझं ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. जेवायला हाक मारायची तर चमचा भांड्यावर वाजवते.

जुन्या जाहिरातींच्या स्टुडिओत विचारून आलो. मालक म्हणाले, नाव लावणार नसशील तर ये. उद्यापासून जातोय. परत साबण.

कंपनीवाले बारा तारखेला लवादापुढे येणार आहेत. मलाही बोलावलंय. मॅडमच्या समोर बसून तेच सांगायचंय. त्यांचा वकील मला दोन तास उभा सोलेल, असं वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. झोप येत नाही, पण येईन मी तिथे. तू उत्तर दिलं नाहीस तरी येईन.

दादा


१२ मार्च

दादा,

पाचही पत्रं मिळाली.

लवाद झाला नाही, ते तुला कळलं असेलच. काल संध्याकाळी कंपनीने कागद पाठवले. करार संपला, गाणी माझी, चौथा अल्बम रद्द. मॅडमच्या ऑफिसातल्या भेटींच्या वहीत त्या गुरुवारी तुझं नाव आहे, आणि पुढे 'कानाबद्दल' असं त्यांच्या सेक्रेटरीने लिहून ठेवलंय. वकीलबाईंनी ती वही मागवायचं नुसतं नाव काढलं, तेव्हा कंपनीच्या वकिलाने ती उघडून बघितली आणि माघार घेतली. पण तुझ्या कागदात वार आणि तारीख नसती, तर वही मागवायचं कोणाला सुचलं नसतं.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले होते. कशाला, सांगू? तुझ्यासाठी भांडायला. मला भीती वाटत होती की सगळं तुझ्यावर ढकलतील. मी त्यांना म्हणाले, दादाला काही माहीत नव्हतं, त्याला एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाने मला चौथ्याच दिवशी सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं?"

मी त्यासाठी बॅग भरली. कान गेला म्हणून नाही, आणि तू सूर हलवलेस म्हणूनही नाही. मॅडमना चौथ्या दिवशी, आणि मला कधीच नाही, म्हणून.

वकीलबाईंना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मॅडम सरळ नाकारतील, तुमच्या भावाचं लेखी हवं, त्याला नोटिशीवर नोटीस पाठवून बोलतं करू. मी म्हणाले, एकच पत्र पाठवा, दोनच प्रश्न विचारा. त्याने आपणहून लिहिलं तर लिहिलं. नाहीतर ती नऊ गाणी गेली तरी चालतील. त्या मला वेडी म्हणाल्या. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. मी ते फाडायला घेतलं होतं. मावशीने हातातून काढून घेतलं.

कच्चे टेक ऐकले. सगळे ऐकले, कानाला लावायचं यंत्र काढून, उजव्या कानाने. पहिल्या दोन अल्बमच्या वेळचे चांगले आहेत, ते तुलाही ठाऊक आहे. तिसऱ्याच्या वेळचे तीन ऐकवत नाहीत. पण ते मी गायले होते, आणि ते कसे होते हे मला पहिल्यांदा कळलं. तेव्हा माझ्या मैत्रिणी, आई, दुकानातल्या बायका, सगळे मला म्हणायचे, काय गायलीस. आणि मला आतून वाटायचं की काहीतरी चुकतंय. मी माझ्याच आतल्या आवाजावर विश्वास ठेवणं सोडलं होतं, दादा. कान जाण्यापेक्षा मला त्याचा त्रास जास्त झाला. आता निदान इतकं कळलं की मला बरोबर वाटत होतं.

मी गाते. तुला मावशीने सांगितलं नाही, कारण मीच सांगू नको म्हटलं होतं. इथे एक बाई आहे, शाळेत गाणं शिकवते, घरच्या एका खोलीत रेकॉर्डिंग करते. पट्टी खूप खाली घेतलीय. सूर हलला की ती हात वर करते आणि मी थांबते. काल एका ओळीला तास गेला. ओळ झाली तेव्हा तिने हात खालीच ठेवला. हे गाणं किती जण ऐकतील, माहीत नाही. पेपरात तर येणार नाही.

माफ केलं असं वरती लिहिलं होतं, मग खोडलं. शाई दिसतेय तुला. ते अजून झालेलं नाही आणि झालं नसताना लिहायचं नाही, असं ठरवलंय. तू शेवटी लिहिलंस, ते कारण, कात्रणाचं, ते वाचून मला खूप राग आला आणि त्याच वेळी पहिल्यांदा वाटलं की हा खरं बोलतोय. दोन्ही एकदम वाटलं. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने घरी येतेय. आईला मी आजच फोन करते, तुझ्याशी बोलायलाही सांगते. स्टेशनवर यायचं तर ये.

तुला जे काही बोलायचंय ते समोर बसून बोल. पाठीमागून बोललेलं मला आता ऐकू येत नाही.

टिटवी